बहिणीच्या गळ्यातली माळ

माझी तब्येत आता इतकी चांगली आहे की कधी कधी मला तिचाच राग येतो. पन्नाशी ओलांडली तरी पहाटे उठते, शेळ्यांच्या धारा काढते, झाडलोट करते, अंगणवाडीतली लेकरं सांभाळते आणि संध्याकाळी मोबाइलवर त्यांची वजनं भरायला बसले तरी डोळे मिटत नाहीत. चार वर्षांपूर्वी हीच मी दुपारी बारालाच भिंतीला पाठ टेकून बसायची आणि उठताना मदतनीस बाईचा हात धरायची. नवरा म्हणतो, "आमी म्हातारे होऊन राहिलो अन् तू तरणी होऊन राहिलीस. उलटी गंगा हाय तुही." मी हसते. तोही हसतो. मग दोघंही आपापल्या कामाला लागतो, कारण त्या बोलण्याच्या पुढं काय येतं ते आम्हा दोघांना माहीत आहे.

कुरुंद्याजवळच्या एका गावात मी अंगणवाडी सेविका आहे. माझं तोंड फाटकं आहे, हे गाव जाणतं. लसीच्या दिवशी लेकरू दडवून ठेवणाऱ्या सासवांना मी चारचौघांत झापते. साप चावल्यावर मांत्रिकाकडं आणि कावीळ झाल्यावर माळेवाल्याकडं धावणाऱ्यांचा तर मी उद्धारच करायची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी जे केलं ते अडाणीपणानं केलं असं कुणाला वाटायला नको. मला सगळं कळत होतं. कळत असून केलं.

झालं असं की माझं गर्भपिशवीचं ऑपरेशन ठरलं होतं. आमच्याकडं चाळिशी उलटली की बाया पिशवी काढायला अशा निघतात, जशा काही लग्नाला निघाल्यात. मलाही फार त्रास होता. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासलं आणि डॉक्टरांनी एकट्या नवऱ्याला आत बोलावलं. रोग माझ्या अंगात आणि बोलावणं त्याला! मी दार ढकलून आत गेले. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन थांबवू. आधी हे बघून घ्या." कागदावर लिहिलं होतं, हिपॅटायटीस सी. काविळीच्या घराण्यातलाच आजार, पण रक्तातून येणारा. वर्षानुवर्षं अंगात राहतो, काही कळू देत नाही आणि आतल्या आत लिव्हर खातो. माझा थकवा, अंगाची खाज, तोंडाला आलेली कडू चव, सगळ्याचा उलगडा त्या एका कागदानं झाला.

नांदेडच्या मोठ्या दवाखान्यातली डॉक्टर वयानं माझ्या पोरीएवढी होती. शांत, नीट समजावून सांगणारी. तिनं पुन्हा रक्त तपासलं आणि सांगितलं की रोज एक गोळी, तीन महिने, आणि आजार अंगातून निघून जाईल. एका ताटात जेवल्यानं, हात लावल्यानं, स्वयंपाक केल्यानं हा पसरत नाही. मग तिनं मागचं विचारायला सुरुवात केली. बाळंतपणात रक्त चढवलं होतं का? गावात इंजेक्शनं घेतली का? गोंदून घेतलंय का?

गोंदण तर माझ्या हातावर तिच्या डोळ्यांसमोरच होतं. मी आठवीत असेन, बहीण सहावीत. जत्रेत आईनं आम्हा दोघींना एका पोत्यावर बसवलं होतं. गोंदणारणीनं आधी माझ्या हातावर तुळशीवृंदावन काढलं. मी थोरली, म्हणून माझा मान पहिला. मी बोंब ठोकली तेव्हा बहीण खिदळत होती. मग त्याच सुयांनी तिचा हात धरला. तिला हुबेहूब माझ्यासारखंच पाहिजे होतं. तिला लहानपणापासून सगळं माझ्यासारखंच लागायचं, वेणीची रिबीनसुद्धा.

डॉक्टर म्हणाली, "त्यातूनच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. पण बहिणीला घेऊन या. जेवढं लवकर आणाल तेवढं बरं." आणि माझ्या केसपेपरच्या कोपऱ्यात तिनं लिहिलं: बहीण, तपासणी. दर महिन्याला गोळ्या आणायला जायची तेव्हा ते दोन शब्द मी वाचायची.

बहीण आखाडा बाळापूरजवळच्या एका गावात दिलेली. मेंढ्या-शेळ्यांचं मोठं घर. बसनं गेलं तर तासाभराचा रस्ता. नवऱ्याला आणि पोरीला मी गुपचूप तपासून आणलं, दोघं निर्धोक निघाले. बहिणीला सांगायचं मात्र मी पुढं ढकलत राहिले. तिच्या पोटात कुठलीच गोष्ट राहत नव्हती. तिला सांगितलं की तिच्या सासूला कळणार, सासूला कळलं की बाळापूरच्या बाजारात कळणार, आणि बाजारात कळलं की माझ्या गावात यायला कितीसा उशीर! माझ्या हातची खिचडी लेकरं खातात. शेजारच्या गावात शाळेचा स्वयंपाक करणाऱ्या एका बाईला टीबी झाला होता. ती पुरती बरी झाली, डॉक्टरचा कागद आणून दाखवला, तरी तिला कुणी चुलीजवळ येऊ दिलं नाही. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि त्याच सुमारास पोरीला कळमनुरीकडचं स्थळ सांगून आलं होतं. पोरगा नोकरीवाला, घर चांगलं. मायच्या रक्तात रोग आहे म्हटल्यावर ती माणसं दारातून मागं फिरली असती. मी मनात म्हटलं, रोज एक गोळी घेऊन हा आजार जाणारच आहे तर गावभर डांगोरा कशाला?

पण तोंड लपवता येत नाही. माझा रंग उतरलेला, गाल बसलेले, आणि दर महिन्याला नांदेडच्या फेऱ्या. एक दिवस एका बाईनं अंगणवाडीच्या दारातच हटकलं, "बाई, तुमचं तोंड काविळीवाणी दिसून राहिलं." आणि मला वाटच सापडली. साधी कावीळ कुणाला होत नाही! दर पावसाळ्यात घरटी एकाला होते. तिची कुणाला लाज वाटत नाही, तिच्यामुळं सोयरीक मोडत नाही. मी म्हटलं, "व्हय ना बाई, कावीळच हाय."

मग कावीळ आहे तर माळ पाहिजे. आमच्या भागात काविळीची माळ घालणारा एक म्हातारा आहे. कुठल्याशा झाडाच्या ओल्या काड्यांचे नखाएवढे तुकडे करतो, ते दोऱ्याच्या गाठीत अडकवतो आणि माळ गळ्यात घालतो. आधी ती गळ्यालगत असते. मग दिवसागणिक लांबत जाते, छातीवर येते, बेंबीपर्यंत येते. माळ खाली उतरली म्हणजे कावीळ उतरली, अशी समजूत. खरं तर काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि दोरा लांबतो. हे मीच किती बायांना ओरडून सांगितलं होतं. आणि आता मीच ती माळ गळ्यात घालून, पदर जरा बाजूला सारून, सगळ्यांना दिसेल अशी गावातून फिरत होते. हळदीचं पथ्यही पाळलं. काविळीत पिवळं खात नाहीत ना! अंगणात हळदीचे ढीग वाळत पडलेले आणि मी लोकांसमोर पांढरंफटक वरण खाते आहे. पहाटे गोठ्यात जाऊन गोळी गिळायची, ते फक्त शेळ्या बघायच्या.

ज्यांना मी झापलं होतं त्या बायांना तर आनंदाचं भरतं आलं. "शेवटी बाईला बी माळच लागली!" मीही त्यांच्यासोबत हसले. तीन महिन्यांत गोळ्या संपल्या, माळही गुडघ्याला टेकली. ती मी ओढ्याच्या पाण्यात सोडली. गोळ्या संपल्यावर आणखी तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं आणि कागदावर आलं की विषाणू आढळला नाही.

त्या दिवसाचा आनंद मी खोटा सांगणार नाही. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी रडले. नवऱ्यानं रसवंतीवरून उसाचा रस आणला आणि कितीतरी वर्षांनी मला गोड ते गोड लागलं. त्याच्या आधीपासूनच अंगात फरक पडला होता. खाज गेली, रात्रीची झोप लागायला लागली, सकाळी उठल्यावर अंग आपलं वाटायला लागलं. इतकी वर्षं मी जे म्हातारपण समजत होते तो आजार होता, हे कळल्यावर हसावं की रडावं कळेना. डॉक्टरनं एक गोष्ट बजावून सांगितली. रक्तात आजाराची जुनी खूण राहते, त्यामुळं साध्या कार्डाच्या तपासणीत मी जन्मभर आजारीच दिसणार, म्हणून बरी झाल्याचा हा कागद जपून ठेवायचा. मी तो कपाटात लुगड्यांच्या घडीखाली ठेवला. निघताना तिनं विचारलं, "बहिणीचं काय झालं?"

मी म्हटलं, "आणते."

बहीण आपणच आली. माघात पोरीचा साखरपुडा होता. ती दोन दिवस आधी येऊन कामाला लागेल असं वाटलं होतं, पण ऐनवेळी आली आणि येऊन खाटेवर बसली. ती अशी बसणारी नव्हती. पन्नास शेळ्यांमागं रानोमाळ हिंडणारी, हाळी दिली तर दुसऱ्या शिवारात ऐकू जावी अशी. पाहुणे बाहेर मांडवात चहा घेत होते. तिनं मला स्वयंपाकघरात ओढलं आणि बोटानं डोळ्याची खालची पापणी खाली केली.

"अक्का, बग. मलाबी तुह्यावाणीच झालं. जेवण जात न्हाई, पाय जड पडून राहिले."

डोळ्याच्या पांढऱ्या भागाला पिवळी झाक होती.

"दवाखान्यात दाखवलं का?" मी विचारलं.

"दवाखान्यात काहून? तुला माळेनंच गुण आला ना? तुह्या त्या बाबाकडं घेऊन चल मला."

तेव्हा सांगायचं होतं. दाराबाहेर पोरीची होणारी सासू माझ्या नणंदेशी बोलत उभी होती, तिचा आवाज आत ऐकू येत होता. मी बहिणीच्या डोळ्यांकडं पाहिलं आणि त्या आवाजाकडं कान दिला. मी म्हटलं, "उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी गेलो. बहिणीनं म्हाताऱ्याला मोठ्या कौतुकानं सांगितलं, "ही माही अक्का. अंगणवाडीची बाई हाय, शिकलेली हाय. हिला तुमच्याच माळेनं गुण आला म्हणून आले." म्हातारा खूश झाला. त्यानं काड्या तोडल्या, गाठी मारल्या. दोऱ्याचं एक टोक मीच धरलं होतं. म्हाताऱ्याचे हात कापत होते, म्हणून माळ तिच्या गळ्यात मी घातली. केस त्यात अडकले ते मी सोडवले. ती मान वाकवून बसली होती, लहानपणी वेणी घालून घ्यायला बसायची तशी.

लग्न वैशाखात होतं. मी मनाला समजावलं की एवढे तीन महिने जाऊ देऊ, मग सगळं सांगते, स्वतः नांदेडला नेते. इतकी वर्षं अंगात राहणारा आजार तीन महिन्यांत काय करणार आहे! हे मी मला शिकलेली म्हणून सांगत होते.

लग्नात ती आली ती माळ बेंबीपर्यंत उतरवून. येईल त्याला दाखवत होती. आहेराच्या साड्या तिनंच लावल्या, मांडवात वाजंत्री वाजायला लागल्यावर दम लागेपर्यंत नाचली आणि मग खांबाला धरून उभी राहिली. मी ते पाहिलं आणि वरमायांच्या पाया पडायला पुढं गेले.

लग्न झालं तरी माझं तोंड उघडलं नाही. पोरगी नवीन घरात रुळू दे म्हटलं. मग म्हटलं, पंचमीला माहेरी येऊन जाऊ दे. मधे फोनवर मी एकदा आडून म्हणून पाहिलं, "एखादं रक्त तपासून घे की."

ती म्हणाली, "तू तपासलं व्हतं का? तुला तर माळच पुरली. माही माळ तर पायाला लागली अक्का, फक्त पायाची सूज जाईना. बाबा म्हणून राहिला, दुसरी घालू."

यावर मला एकच उत्तर देता येत होतं आणि ते मी दिलं नाही. तिनं दुसरी माळ घातली.

भाद्रपदात तिच्या नवऱ्याचा फोन आला. तिचं पोट फुगलं होतं, लुगड्याची गाठ बसत नव्हती. तेव्हा मी उठले. त्याच दिवशी दोघांना घेऊन नांदेड गाठलं. पाव्हणे, म्हणजे तिचा नवरा, केसपेपरच्या रांगेत उभे राहिले आणि आम्ही दोघी आत गेलो. डॉक्टर तीच होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, बहिणीच्या पोटाकडं पाहिलं.

"याच का त्या बहीण?" ती म्हणाली. "तुमच्या गोळ्या चालू केल्या तेव्हाच मी म्हटलं होतं, यांना घेऊन या. वर्ष होऊन गेलं ना त्याला?"

ती रागावून बोलली नव्हती. दमलेल्या माणसानं बोलावं तसं बोलली. बहिणीनं हळूच मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी टेबलावरच्या कागदांकडं पाहत राहिले.

तपासण्या झाल्या. आजार तोच. लिव्हर आकसून गेलेलं, पोटात पाणी. डॉक्टरनं गोळ्या सहा महिन्यांच्या लिहून दिल्या आणि सांगितलं की विषाणू जाईल, पण लिव्हर किती सावरेल ते आता सांगता येत नाही. बहीण बाहेर गेल्यावर मी विचारलं, माघात आणलं असतं तर? डॉक्टरनं हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाली, "आधी आल्या असत्या तर बरं झालं असतं. यापेक्षा जास्त मला सांगता येणार नाही." मला तिनं जास्त सांगायला पाहिजे होतं. काहीही झालं असतं तरी हेच झालं असतं, असं तिनं म्हणावं म्हणून मी थांबले होते.

येताना बसमधे पाव्हणे पुढं दाराजवळ बसले. आम्ही दोघी मागं. अर्धापूर मागं पडलं. तेव्हा ती खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "माह्या गळ्यात माळ घातली तवा तुला ठावं व्हतं?"

"व्हय," मी म्हटलं.

बरंच अंतर गेल्यावर तिनं आणखी एक विचारलं. "पोरीच्या सासरी म्हाईत हाय?"

"न्हाई."

"मग नको सांगू कुनाला. नवं घर हाय तिचं."

वारंगा फाट्याला मी उतरले, ती पुढं गेली. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी रडले, आणि खरं सांगायचं तर त्या रडण्यात सुटल्याचं सुख होतं. तिनं माझी बाजू सांभाळली, म्हणजे तिनं मला माफ केलं, असा मी अर्थ काढला. विषय संपला, असं मी स्वतःच ठरवून टाकलं.

त्यानंतर सहा महिने, दर महिन्याला, मी तिला नांदेडला नेलं. सुट्टी काढायची, फाट्यावर उभी राहायची, तिच्या बसमधे चढायची. तिनं शेजारची जागा धरून ठेवलेली असायची. तिच्यासाठी अळणी भाकरी, मुगाचं वरण मीच करून न्यायची. पोटातलं पाणी काढायचे तेव्हा तिचा हात धरून बसायची. जाताना आणि येताना मी अखंड बोलायची. हळदीचा भाव, पोरीच्या सासूचे नखरे, अंगणवाडीतल्या लेकरांच्या गमती, आईच्या आठवणी. ती ऐकायची. मधेच कधी माझ्याकडं बघत राहायची आणि मी आणखी जोरात बोलायला लागायची. एकदा ती म्हणाली, "अक्का, जरा गप बस ना." मी म्हटलं, दमली असेल. मी गप बसले, आणि तीही गप बसली. फाटा आला तेव्हा ती म्हणाली, "उतर."

गोळ्या संपल्या. ज्येष्ठात रक्ताचा कागद आला आणि त्यावर तेच वाक्य होतं जे माझ्या कागदावर होतं. विषाणू आढळला नाही. पाव्हण्यांनी घरी गूळ वाटला. माझ्या बहिणीचा आजार बरा झाला होता, तिच्या रक्तात आता काही नव्हतं. त्यानंतर महिन्याभरात तिला रक्ताच्या उलट्या झाल्या आणि नांदेडला पोचायच्या आत ती गेली. तो बरा झाल्याचा कागद अजून तिच्या घरात देवाच्या फळीवर आहे. गूळ वाटला त्या दिवशी पाव्हण्यांनी तो तिथं ठेवला, आणि तिथून काढायचं कुणाच्या मनात येत नाही.

दहाव्याला बाया म्हणत होत्या की बहीण असावी तर अशी. सख्ख्या लेकीनं केलं नसतं एवढं अक्कानं केलं. मी पदरात तोंड खुपसून बसले. लोकांना वाटलं, दुःखानं. दुःख होतंच. पण त्या कौतुकाला मी नाही म्हटलं नाही, हेही तेवढंच खरं.

तिची एकच मुलगी, सेनगावकडं दिलेली. तिचं माहेर आता मीच करते. दिवाळीला तिला आणायला मूळ धाडते, साडीचोळी करते, तिच्या लेकराला अंघोळ घालते. गेल्या दिवाळीला ती आली होती. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही ओसरीवर बसलो होतो. गावातली एक बाई दारात आली. तिच्या सुनेचे डोळे पिवळे झाले होते आणि तिला माळेवाल्या बाबाकडं माझी ओळख पाहिजे होती. "बाई, तुमाला कसा बराबर गुण आला व्हता," ती म्हणाली.

मला काय झालं माहीत नाही. मी ओरडलेच. "मला माळेनं न्हाई, गोळ्यांनी गुण आला! नांदेडच्या दवाखान्यातल्या गोळ्यांनी! साधी कावीळ नव्हती मला. मी खोटं बोलले. सुनेला उद्या दवाखान्यात ने, न्हाई तर मी येते तुह्या घरी." ती बाई तोंडाला पदर लावून निघून गेली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. अंगणवाडीतली लेकरं दोन आठवडे कमी आली, मग आली. पोरीच्या सासूनं फोन करून चार शब्द सुनावले आणि विषय सोडला. एवढंच झालं. ज्याच्या भीतीनं मी बहीण घालवली ते एवढंच होतं.

पण ते पुढचं. त्या दिवशी बाई गेल्यावर ओसरीवर मी आणि भाची दोघीच उरलो. ती लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, केसपेपरच्या कोपऱ्यातल्या दोन शब्दांपासून. काहीही मागं ठेवलं नाही. शेवटी म्हटलं, "तुह्या मायला म्या मारलं गं."

ती रडली नाही. लेकराच्या टोपीचा बंद बांधत होती, तो बांधून झाल्यावर म्हणाली, "मला म्हाईत व्हतं मावशी. नांदेडहून पहिल्यांदा आली त्याच दिवशी आईनं फोनवर सांगितलं."

मला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"मग तू मला काही बोलली काहून न्हाईस? एवढ्या दिवाळ्या येऊन राहिलीस."

"आईनं बोलू नको म्हणलं व्हतं. ती म्हणायची, अक्का आपल्या तोंडानं बोलंल. नांदेडला जायच्या दर खेपेला म्हणायची, आज बोलंल. माघारी आली की मी इचारायची, बोलली का मावशी? ती म्हणायची, आज न्हाई बोलली, पुढच्या महिन्यात बोलंल. शेवटच्या खेपेलाबी तेच म्हणली. मावशीनं माफी मागितली तर काय म्हणायचं ते ठरवून ठेवलं व्हतं तिनं."

अंगणात शेळी ओरडत होती, तिला पाणी दाखवायचं राहिलं होतं.

"काय म्हणणार व्हती ती?" मी विचारलं.

भाचीनं पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ पाहिलं.

"मला न्हाई सांगितलं," ती म्हणाली. "म्हणली, ते अक्कालाच सांगीन."